जुना अल्बम पुन्हा वाजवताना : सचोटी आणि अखंडत्व

मागच्या खेपेस आपण चित्रांच्या नकलांविषयी बोललो. आज कानाकडे वळू. विषयाचं नाव ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या आहेत, ते दिसतंय. हेवी मेटल! तत्त्वज्ञानाच्या व्यासपीठावर हे कुठून आलं? पण कलाकृती म्हणजे नेमके काय, ती कोणाची, आणि ती 'सुधारण्याचा' अधिकार कोणाला, हे प्रश्न या गोंगाटात फार स्पष्ट ऐकू येतात. ज्यांना हे संगीत कर्कश वाटते त्यांनी तासभर धीर धरावा. आवडलेच पाहिजे अशी अट नाही.

झालंय काय, की गेल्या तीसेक वर्षांत मेटलच्या अनेक बँडांनी आपले जुने, गाजलेले अल्बम पुन्हा स्टुडिओत जाऊन पहिल्यापासून वाजवले आणि नव्याने प्रसिद्ध केले. चाहते भडकले. 'पैशासाठी केलं', 'आमच्या आठवणींशी खेळ केला', 'कलेशी बेइमानी केली' असे आरोप झाले. या तिसऱ्या आरोपात काही तथ्य आहे का, ते आपल्याला बघायचे आहे.

आधी तीन शब्द वेगळे करू, कारण वादात त्यांची नेहमी खिचडी होते. रीमास्टर, रीमिक्स आणि पुनर्मुद्रण. घरातल्या जुन्या फोटोचं उदाहरण घ्या. तोच फोटो स्वच्छ करून, उजळ करून पुन्हा छापला, तर ते रीमास्टर. निगेटिव्हवरूनच नवी प्रत काढली आणि मागे अंधारात गेलेला काका थोडा पुढे आणला, तर ते रीमिक्स. आणि चाळीस वर्षांनी सगळी भावंडे त्याच पायरीवर, तसेच कपडे घालून पुन्हा बसली आणि नवा फोटो काढला, तर ते पुनर्मुद्रण. हा तिसरा प्रकार आपला विषय.

पैशाचा आरोप लवकर निकालात काढू. एका गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात: एक रचनेवर, दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणावर. नवख्या पोरांकडून करार लिहून घेताना मुद्रणाचा हक्क बहुधा कंपनीकडे जातो, आणि ठरावीक वर्षे तीच गाणी दुसरीकडे मुद्रित करायची नाहीत असे कलमही असते. मुदत संपली की मात्र वाट मोकळी होते. अमेरिकेच्या कायद्यात मुद्रणाचा हक्क त्या मुद्रणातल्या प्रत्यक्ष ध्वनीपुरताच आहे; कोणी स्वतंत्रपणे हुबेहूब तसेच वाजवले तर त्या हक्काचा भंग होत नाही. इंग्लंडच्या डेफ लेपर्ड या बँडने 2012 साली हेच केले. डिजिटल विक्रीच्या मोबदल्यावरून कंपनीशी बिनसले, तेव्हा त्यांनी आपली प्रसिद्ध गाणी हुबेहूब पुन्हा वाजवली, आणि त्यांच्या गायकाने त्यांना चक्क 'बनावट प्रती' म्हटले. स्वतःच्याच कामाची बनावट प्रत! टेलर स्विफ्टने 2021 पासून आपले जुने अल्बम पुन्हा मुद्रित केले, तेही मूळ मुद्रणे दुसऱ्याच्या हाती विकली गेली म्हणून. यात बेइमानी कुठे आहे? मजुरी मागणे हा कलेचा अपमान आहे, असे सहसा ज्याची मजुरी बुडालेली नसते तोच म्हणतो. तेव्हा पैसा बाजूला ठेवू. खरा प्रश्न त्याच्या पलीकडे आहे.

तो असा, की पुन्हा वाजवले म्हणजे नेमके कशाला हात लावला?

आपल्यापैकी ज्यांचे कान ख्यालावर तयार झाले आहेत, त्यांना यात वावगे काहीच दिसणार नाही. तोच यमन, तीच बंदिश, आज पुन्हा. कालचे गाणे काल संपले. युरोपच्या शास्त्रीय संगीतातही संहिता कागदावर असते आणि वादक बदलत राहतात. नेल्सन गुडमन या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1968 च्या आपल्या ग्रंथात मांडलेला भेद मागच्या वेळी आपण पाहिला: चित्राची बनावट प्रत होऊ शकते, कारण तिथे कोणाचा हात फिरला याला महत्त्व आहे, स्वरलेखनातल्या सिंफनीची तशी बनावट प्रत होत नाही, कारण लिहिल्याप्रमाणे वाजवली की ती तीच सिंफनी. मग मेटलचा अल्बम कुठे बसतो? सिंफनीच्या बाजूला की चित्राच्या?

थिओडोर ग्रेसिक या तत्त्वज्ञाने 1996 साली रॉक संगीताबद्दल एक भूमिका मांडली. तो म्हणतो, रॉकमध्ये मुख्य कलाकृती म्हणजे गाणे नव्हे, तर ते विशिष्ट मुद्रण. त्या दिवशीचा तो अँप्लिफायर, ती खोली, ती फीत, तो थकलेला गळा, हे सगळे कलाकृतीचे घटक आहेत. आम्हाला ही भूमिका पटते, आणि मेटलच्या बाबतीत तर ती अधिकच लागू पडते. नॉर्वेच्या डार्कथ्रोन या बँडचा 1994 चा 'ट्रान्सिल्वेनियन हंगर' ऐका. घरच्या चार ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित केलेला. आवाज पातळ, खरखरीत, दूर कुठेतरी हिमवादळात वाजतोय असा. तंत्रज्ञाच्या दृष्टीने सदोष. पण तो दोष काढा, आणि अल्बमच उरत नाही. तेव्हा मेटलचा अल्बम चित्राच्या बाजूचा आहे, असे धरून चालू.

आता ब्राझीलमध्ये येऊ. बेलो होरिझोन्ते शहरातले दोन भाऊ, मॅक्स आणि इगोर कॅव्हलेरा. त्यांच्या सेपुल्तुरा या बँडचे पहिले मुद्रण 1985 चे, 'बेस्टियल डिव्हॅस्टेशन'. दुसऱ्या वर्षी 'मॉर्बिड व्हिजन्स'. दोघेही तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचे. गिटारी धड सुरात लावलेल्या नाहीत, हे कोणाचाही कान सांगेल. इंग्रजीशी झटापट चाललेली. आणि तरीही (किंवा म्हणूनच म्हणा) त्या मुद्रणात एक भीतीदायक जोर आहे. पुढे बँड जगप्रसिद्ध झाला. 1996 साली मॅक्स बाहेर पडला, 2006 मध्ये इगोर. सेपुल्तुरा हे नाव मागे राहिलेल्यांकडे गेले. मग 2023 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यापलीकडे, या दोघा भावांनी 'कॅव्हलेरा' या नावाने ती दोन्ही मुद्रणे पुन्हा केली आणि 2024 मध्ये 'स्किझोफ्रेनिया'ही.

इथे मिलिंदपञ्ह आठवतो. राजा मिलिंद आणि भदंत नागसेन यांच्या संवादात रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टान्त आहे. पहिल्या प्रहरीची ज्योत तीच शेवटच्या प्रहरीची ज्योत का? तीच म्हणता येत नाही आणि सर्वस्वी वेगळी आहे असेही म्हणता येत नाही; त्या एकाच दिव्याच्या आधारे ती रात्रभर जळत राहिली. कॅव्हलेरा बंधूंचा त्या गाण्यांवरचा हक्क असा आहे. नाव दुसऱ्याकडे असेल, ज्योत यांच्याकडची आहे. पण दृष्टान्त जरा पुढे ताणू या. मुद्रण म्हणजे पहिल्या प्रहरी काढलेला त्या ज्योतीचा फोटो. तो आता पुन्हा काढता येणार नाही. पन्नाशीच्या माणसाने मुद्दाम बेसूर वाजवले तर ते नाटक होईल, आणि सुरात वाजवले तर ते दुसरेच काही होईल. भावांनी दुसरा मार्ग घेतला. नव्या मुद्रणात गिटारी लागलेल्या आहेत, ड्रम्स स्वच्छ आहेत, आणि आवेश बऱ्यापैकी टिकला आहे. ऐकायला चांगले वाटते. फक्त भीती वाटत नाही. मात्र मूळ मुद्रण कोणी नाहीसे केलेले नाही. दोन्ही शेजारी ठेवून ऐकता येतात, आणि तसे ऐकण्यात मौज आहे.

एक्झोडसचे काय झाले ते थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियाचा हा बँड. 'बॉन्डेड बाय ब्लड' हा 1985 चा अल्बम थ्रॅश मेटलच्या पायाच्या दगडांपैकी एक. त्यावरचा गायक पॉल बॅलॉफ 2002 मध्ये वारला. 2008 साली बँडने तो अख्खा अल्बम रॉब ड्यूक्स या नव्या गायकाला घेऊन 'लेट देअर बी ब्लड' या नावाने पुन्हा केला आणि ही बॅलॉफला आदरांजली आहे असे सांगितले. हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. पण ज्याला आदरांजली वाहायची त्याचाच आवाज त्यात नाही, हे कोडे आम्हाला आजवर सुटलेले नाही. बॅलॉफ काही 'चांगला' गायक नव्हता. तो ओरडायचा. तेच तर त्या अल्बमचे प्राण होते!

आता मूळ मुद्द्याकडे. इंग्रजीत या सगळ्या वादात 'इंटेग्रिटी' हा एकच शब्द फिरवला जातो. मराठीत त्याला एक शब्द सापडत नाही, आणि ही अडचण आपल्या फायद्याची आहे. माणसाबद्दल बोलताना आपण म्हणतो सचोटी. वस्तूबद्दल बोलताना म्हणतो अखंडत्व. सचोटी कलावंताची, अखंडत्व कलाकृतीचे. आतापर्यंतच्या उदाहरणांत कलावंतांनी नवी कलाकृती केली, चांगली की वाईट हा भाग वेगळा, पण जुनी अखंड राहिली. अखंडत्व मोडते ते जुन्याच्या जागी नवे ठेवले जाते तेव्हा. आणि तेव्हा सचोटीचाही प्रश्न येतो, कारण त्या जुन्यात इतरांचेही हात असतात.

याचे सर्वांत बोचणारे उदाहरण ऑझी ऑस्बॉर्नच्या पहिल्या दोन अल्बमांचे. 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' 1980 चा, 'डायरी ऑफ अ मॅडमॅन' 1981 चा. गिटारवर रँडी ऱ्होड्स, जो 1982 मध्ये विमान अपघातात गेला. बेस गिटारवर बॉब डेझली, ड्रम्सवर ली कर्सलेक. या दोघांचा रचनांमध्येही वाटा होता. पण दुसरा अल्बम बाजारात येईपर्यंत दोघांना बँडमधून काढण्यात आले होते, आणि वेष्टनावर वादक म्हणून नावे छापली गेली ती नव्याने घेतलेल्या दोघांची, ज्यांनी त्या अल्बमवर एक सूरही वाजवलेला नव्हता. वाजवले एकांनी, नाव दुसऱ्यांचे.

पुढे डेझली आणि कर्सलेक यांनी मानधन व श्रेय यांसाठी दावा लावला. तो न्यायालयात टिकला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण 2002 साली हे दोन्ही अल्बम पुन्हा बाजारात आले तेव्हा ऐकणाऱ्यांना धक्का बसला. ऑझीचा आवाज तोच, ऱ्होड्सची गिटार तीच, पण बेस आणि ड्रम्स पुसून त्या जागी रॉबर्ट ट्रुहिलो आणि माइक बॉर्डिन यांच्याकडून नव्याने वाजवून घेतलेले! दोघे उत्तम वादक आहेत, त्यांचा दोष नाही. नाव मात्र तेच, चित्र तेच, अल्बम तोच म्हणून विकायला ठेवलेला.

यात काय मोडले ते नीट पाहू. ऱ्होड्सने ती गिटार वाजवली ती कर्सलेकचे ड्रम्स कानात घेऊन. कुठे थांबायचे, कुठे ढकलायचे, हे त्याने त्या माणसाला प्रतिसाद म्हणून ठरवले. आता तो प्रतिसाद उरला आणि ज्याला दिला तो माणूस नाहीसा झाला. शिवाय ऱ्होड्स हयात नव्हता. त्याला विचारणे शक्यच नव्हते. आम्हाला यातला सर्वांत मोठा अन्याय श्रोत्यावरही नव्हे, त्या मेलेल्या गिटारवादकावर झालेला वाटतो. त्याच्या संभाषणातली दुसरी बाजू बदलली गेली.

2011 मध्ये दोन्ही अल्बम मूळ वादनासह पुन्हा निघाले. म्हणजे नऊ वर्षांनी चूक दुरुस्त झाली. ली कर्सलेक पुढे कर्करोगाने आजारी पडला. आपण वाजवलेल्या या दोन अल्बमांच्या प्लॅटिनम तबकड्या मरण्यापूर्वी आपल्या भिंतीवर असाव्यात, एवढीच त्याची इच्छा होती. त्याने ऑस्बॉर्न कुटुंबाला पत्र लिहिले, आणि तबकड्या त्याला मिळाल्या. सप्टेंबर 2020 मध्ये तो गेला.

याच्या अगदी उलट मेटॅलिकाचे. त्यांच्या 1988 च्या '...अँड जस्टिस फॉर ऑल' या अल्बममध्ये जेसन न्यूस्टेडचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. नव्या माणसाला दाबून टाकले, असे चाहते कित्येक वर्षे म्हणत आले. 2018 साली या अल्बमची नवी, रीमास्टर केलेली आवृत्ती निघाली तेव्हा सर्वांना वाटले, आता तरी बेस वर येईल. आला नाही. जे त्या काळी जसे झाले तसेच राहू द्यायचे, अशी बँडची भूमिका. यावर तुम्ही म्हणाल, न्यूस्टेडवरचा अन्यायही कायम ठेवला की! ठेवला, खरे आहे. पण तो उघड्यावर ठेवला. ऐकणाऱ्याला ती पोकळी ऐकू येते आणि तो विचारतो, इथे कोणीतरी होतं ना? 2002 च्या ऑझीच्या अल्बममध्ये हा प्रश्न विचारायला जागाच ठेवलेली नव्हती.

मग जुने मुद्रण कधीच मागे घेऊ नये, असा नियम करायचा का? जवळजवळ. पण एक अवघड प्रकरण आहे, ते सांगून थांबतो. नॉर्वेच्या डिमू बोर्गिरचा 'स्टॉर्मब्लोस्ट', 1996 चा. त्यातली पियानोवरची एक निःशब्द धून अनेकांची लाडकी होती. नंतर उघड झाले की ती 'ॲगनी' नावाच्या 1992 च्या संगणक-खेळातली आहे, टिम राइट या संगीतकाराची. 2005 मध्ये बँडने हा अल्बम पुन्हा मुद्रित केला, तेव्हा ती धून त्यात नव्हती; त्या जागी स्वतःची दुसरी रचना होती. म्हणजे इथे नव्याने वाजवणे हीच सचोटी ठरते, आणि जुन्याचे अखंडत्व राखणे म्हणजे उचललेला माल जपणे. आमचे मत विचाराल तर, जुना अल्बमही मिळत राहावा, धून आहे तिथेच राहावी, पण तिच्यापुढे टिम राइटचे नाव छापावे आणि त्याचा वाटा त्याला पोहोचता करावा. कोणाला हे पटत नसेल तर आता प्रश्नोत्तरांत त्यापासूनच सुरुवात करू.