मोहाच्या झाडाखाली काहीच वाया जात नाही!

बुलढाणा म्हटलं की लोणारचं सरोवर, शेगावची कचोरी आणि खामगावची चांदी. या यादीत दारूला जागा नाही, आणि ते बरंच आहे. पण जगभरच्या ब्रुअऱ्या आज ‘झिरो वेस्ट’चे फलक मिरवत असताना जळगाव जामोद-संग्रामपूरकडच्या सातपुड्यात एक झाड तेच काम फलकाविना करत उभं आहे. ऐका मोहाच्या काही गमती.

तोडणी शून्य
मार्च-एप्रिलात मोह रात्री फुलतो आणि पहाटे स्वतःच फुलं गाळतो. फांदी तोडा, झाड झोडपा, काही नाही. कोरकू, भिल्ल, निहाल कुटुंबं टोपली घेऊन निघतात आणि वेचून आणतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून जास्त साखर असते. म्हणून ते खाताही येतं आणि आंबवताही येतं.

पहिला मान अस्वलाचा
अंबाबरवा आणि ज्ञानगंगा ही जिल्ह्यातली अभयारण्यं अस्वलांची. मोहफुलं त्यांचा लाडका खाऊ, आणि तेही पहाटेच हजर! त्यामुळे वेचणारे एकटेदुकटे जात नाहीत.

चोथा गोठ्यात
अर्क काढून झाल्यावर उरलेला फुलांचा चोथा जनावरांना घालतात. बड्या ब्रुअऱ्याही हेच करतात. 100 लिटर बिअरमागे सुमारे 20 किलो ओला जवाचा चोथा उरतो. त्यात प्रथिनं भरपूर, म्हणून दूधवाले तो आवडीने उचलतात. माणसाच्या ग्लासाचा खर्च म्हशीच्या बादलीत असा थोडाफार वसूल होतो.

एका झाडाचे दोन हंगाम
फुलं संपली की पावसाच्या तोंडाशी बिया. बियांच्या गरात जवळपास निम्मं तेल. ते खायला, दिव्याला आणि साबणाला चालतं. थंडीत ते तुपासारखं थिजतं. मागे उरलेल्या पेंडीत सॅपोनिन हे माशांना विषारी द्रव्य असतं. मत्स्यशेतीत तळ्यातले नको असलेले मासे काढायला ही पेंड टाकतात, आणि काम झाल्यावर तीच कुजून तळ्याचं खत होते.

फुलांचा दारूगोळा
पहिल्या महायुद्धात तोफांच्या कॉर्डाइट या स्फोटकासाठी अ‍ॅसिटोन हवं होतं. ते मोहफुलं आंबवून काढण्यासाठी सरकारने नाशिकला कारखाना उभारला. सातपुड्यातल्या पाड्यावर जे फूल पाहुणचाराला लागतं, ते साहेबाने युद्धाला लावलं!

फुलालाही कायदा
1892 मध्ये मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांवर निर्बंध घालणारा खास कायदा केला. कारण? चोरटी दारू आणि बुडणारा महसूल. महाराष्ट्राने फुलं गोळा करणं आणि वाहून नेणं मोकळं केलं ते 2021 मध्ये. गाळायला मात्र आजही परवाना लागतो. सीमेपलीकडे मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ दर्जा दिला. तिथे अलीराजपूरची ‘मोंड’ आणि डिंडोरीची ‘मोहुलो’ बचत गटांच्या नावाने बाटलीत आली.

बिअर आधी की बोअर आधी?
आता जरा त्या ‘झिरो वेस्ट’वाल्यांकडे वळू. ब्रुअरीचं खरं दुखणं पाणी. एक लिटर बिअरला साधारण चार ते सात लिटर पाणी लागतं. 2016 च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी 60 टक्क्यांपर्यंत कापायला लावलं. शेजारच्या बुलढाण्यालाही टँकर नवा नाही. बाटल्या धुतलेलं पाणी पुन्हा वापरण्याची शिस्त कारखान्यांना अशाच दिवसांनी शिकवली.

मळीतून पोटॅश
ऊसमळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की 8 ते 15 लिटर ‘स्पेंट वॉश’ मागे उरतो. नाल्यात सोडला तर नाला मेला. आता कारखाने त्यातून बायोगॅस काढतात, उरलेलं आटवून जाळतात आणि राखेतून पोटॅश मिळवतात. देशाला पोटॅश जवळजवळ सगळं आयात करावं लागतं, म्हणून 2021 मध्ये या देशी पोटॅशला खत अनुदानात जागा मिळाली.

एवढं मात्र खटकतं
मोहाचा हिशेब पूर्ण कोरा नाही. भट्टीला सरपण लागतं. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि तीच आग कधीकधी डोंगर चढते. उपाय स्वस्त आहे. झाडाखाली जाळी बांधली की आग नको, माती नको, आणि स्वच्छ फुलाला भावही बरा.

तेव्हा सातपुड्याकडे गेलात तर चोरट्या बाटलीच्या वाटेला जाऊ नका. मोहाचे लाडू, नाहीतर वाळलेली फुलं मागा. पैसा सरळ वेचणाऱ्या बाईच्या हातात पडेल, आणि झाडही शाबूत राहील.