मेनफ्रेम संगणक : जुना आहे, पण टाकाऊ नाही



मागच्या पालकसभेनंतर एक पालक थांबले. त्यांची थोरली मुलगी आमचीच माजी विद्यार्थिनी. बी.एस्सी. कॉम्प्युटर करून पुण्यात कंपनीत लागली. म्हणाले, "सर, तिला मेनफ्रेमच्या कामाला टाकलंय. भावकीतले म्हणतात, ते जुनंपुराणं आहे, त्यात पुढं काही नाही. पोरगी नोकरी सोडायचं म्हणतेय. काय करावं?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचलं, या क्षेत्रातल्या दोन माजी विद्यार्थ्यांशी बोललो. तेच इथे मांडतो.

मेनफ्रेम म्हणजे काय?

शाळेतला संगणक हे गुऱ्हाळ समजा, तर मेनफ्रेम म्हणजे साखर कारखाना. हजारो शेतकऱ्यांचा ऊस येतो, प्रत्येकाचं वजन आणि हिशोब बरोबर लागतो आणि ऐन हंगामात बंद पडून चालत नाही. मेनफ्रेमही एकाच वेळी प्रचंड संख्येने व्यवहार सांभाळतो. त्याचे बरेचसे भाग तर काम चालू असतानाच बदलता येतात. म्हणून जगातल्या अनेक मोठ्या बँका, विमा कंपन्या आणि विमान कंपन्या तो वापरतात.

त्याची कामं दोन प्रकारची. पोषण आहाराची नोंद आपण रोजच्या रोज करतो, तसे व्यवहार येतील तसे लगेच नोंदवणं हा पहिला प्रकार. महिनाअखेरीला आपण गोषवारा काढतो, तसा सगळा हिशोब एकदम करणं हा दुसरा. याला 'बॅच' म्हणतात. ती बहुधा रात्री चालते.

जुनं असून टिकलं कसं?

आयबीएमने 'सिस्टिम/३६०' ही मालिका ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर केली. मशीन बदललं तरी जुने प्रोग्राम चालत राहावेत, हा त्यामागचा विचार होता. त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'सीडीसी ३६००' हा मोठा संगणक आला. १९६८ मध्ये मुंबईत टीसीएस सुरू झाली. पुढे २००० साल जवळ आलं, तेव्हा जुन्या प्रोग्राममध्ये वर्ष दोनच अंकांत लिहिलेलं असल्याने गोंधळाची भीती होती. ते दुरुस्त करण्याचं भरपूर काम भारतीय कंपन्यांना मिळालं.

यातली मुख्य भाषा कोबोल, १९५९ पासूनची. 'ॲड १० टू टोटल' अशी साध्या इंग्रजी वाक्यासारखी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला, तेव्हा तिथल्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांना जाहीर आवाहन करावं लागलं. जुनी माणसं निवृत्त होतात, नवी फारशी शिकत नाहीत. संधी आहे ती इथेच.

कोणती कामं मिळतात?

- प्रोग्रामर : कोबोल, जेसीएल, डीबी२, सीआयसीएस
- सिस्टिम प्रोग्रामर : खुद्द यंत्रणा सांभाळणारा
- ऑपरेटर : बॅचवर लक्ष ठेवणारा, इथे रात्रपाळी असू शकते
- टेस्टर, तसेच जुने प्रोग्राम नव्या पद्धतीत आणणारे

बी.ई., बी.सी.ए., बी.एस्सी. कॉम्प्युटर, एम.सी.ए. झालेल्या मुलांना बऱ्याच कंपन्या स्वतःच प्रशिक्षण देतात. म्हणून 'नोकरीची हमी' देणाऱ्या क्लासला कर्ज काढून फी भरू नका. आयबीएमचा 'झेड एक्सप्लोर' हा ऑनलाइन उपक्रम मोफत आहे, मात्र इंग्रजीत.

दुसरी बाजूही बघा

हे काम देणाऱ्या कंपन्या मोजक्या आणि मोठ्या शहरांतच आहेत. एआयच्या मदतीने कोबोलचं जावामध्ये रूपांतर करणारी साधनंही आली आहेत. पण रूपांतर बरोबर झालं का, हे तपासायला जुनं समजणारा माणूस लागतोच. दोन्ही येणाऱ्याला मागणी राहील, असं मला वाटतं.

त्या पालकांना मी फोन करून सांगितलं, "नोकरी सोडू देऊ नका. दोन वर्षं मन लावून शिकू द्या, जोडीला जावा किंवा पायथन शिकायला सांगा. मग तिचं तिलाच ठरवू द्या."

आणि आपण शिक्षकांनी? बेरीज पडताळून पाहायची सवय लावूया. लाखो लोकांचा हिशोब ज्याच्या हाती जातो, त्याला तीच सवय आधी लागते.