दादरच्या हजेरीपटावरची जात

मुलांना मराठी शाळेत घालायचं की इंग्रजी, हा प्रश्न आपण भाषेच्या अभिमानावर सोडवतो. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थतज्ज्ञांनी तो नोकरीच्या बाजारातून पाहिला. त्यासाठी त्यांनी निवडलं दादर: तिथल्या २८ शाळा, १९८२ ते २००१ या काळातले प्रवेश आणि सुमारे ४,९०० मराठी कुटुंबं.

मुंबईच्या कापडगिरण्यांत जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, आपल्या गावची, जातीतली, नात्यातली माणसं भरायचा. एकाने दुसऱ्याला चिकटवायचं, ही कामगारवस्तीतली रीत. अशा ओळखीवर मिळणाऱ्या कामाला इंग्रजी लागत नव्हतं. १९९१च्या आर्थिक उदारीकरणानंतर इंग्रजी येणाऱ्यांचे पगार झपाट्याने वाढले, तरी कामगार जातींतले मुलगे मोठ्या संख्येने मराठी माध्यमातच राहिले. एकेकाने बाहेरची वाट धरली तर मागे राहिलेल्यांची साखळी कमजोर होते. म्हणून जातीचं जाळं मुलग्यांना धरून ठेवतं, असा या दोघांचा तर्क.

मुलींचं मात्र उलट झालं. या जाळ्यात बायकांना पूर्वीपासून जागाच नव्हती, त्यामुळे गमावण्यासारखंही काही नव्हतं. त्याच जातींतल्या मुली भराभर इंग्रजी शाळांकडे वळल्या. एकाच जातीतले मुलगे मराठी माध्यमात आणि मुली इंग्रजी, हे चित्र आपल्या नेहमीच्या समजुतीला चांगलाच धक्का देणारं आहे.

मुन्शी आणि रोझेनझ्वाइग यांचा हा शोधनिबंध २००६ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त छापून आला.