फुटबॉलच्या बाई

14 फेब्रुवारी 1986 रोजी अमेरिकेत 'वाइल्डकॅट्स' नावाचा एक विनोदी चित्रपट लागला. शिकागोच्या गरीब वस्तीतली सेंट्रल हायस्कूल ही शाळा, आवारात राखणीला कुत्रे फिरवावे लागतात अशी. तिथला मुलांचा फुटबॉल संघ, ज्याच्याकडून कुणालाच काही अपेक्षा नाही. आणि त्या संघाला नवा कोच म्हणून आलेली एक बाई, मॉली मॅकग्रा. मॉली झाली आहे गोल्डी हॉन. त्याच्या सहा वर्षं आधी 'प्रायव्हेट बेंजामिन'मध्ये लष्करात भरती होऊन तिनं प्रेक्षकांना असंच हसवलं होतं.

समीक्षकांनी या चित्रपटाचं फारसं कौतुक केलं नाही. आज त्याची आठवण निघते ती बहुतेक वेळा दोन नावांमुळे. संघातल्या पोरांमध्ये वेस्ली स्नाइप्स आणि वुडी हॅरलसन आहेत, दोघेही तेव्हा सिनेमात अगदी नवखे. पुढे हीच जोडी बास्केटबॉलवरच्या 'व्हाइट मेन कान्ट जंप'मध्ये गाजली. तिसरा मायकेल्टी विल्यमसन, जो आठ वर्षांनी 'फॉरेस्ट गंप'मधला बब्बा झाला. संघातला डोंगराएवढा फिंच म्हणजे टॅब थॅकर, अमेरिकेच्या विद्यापीठ कुस्तीतला 1984 चा हेवीवेट विजेता. एका शाळेच्या पडक्या मैदानावर एवढी माणसं एकत्र आली होती, हे आज पाहताना हरखून जायला होतं.

पण मला हा चित्रपट विलक्षण वाटतो तो वेगळ्या कारणानं. कोच नावाचा माणूस नेमकं करतो काय, हे तो हसवता हसवता उघडं करून दाखवतो.

मॉली एका नामवंत फुटबॉल कोचची मुलगी. खेळ तिच्या कानांवर लहानपणापासून पडलेला. नोकरी मात्र श्रीमंत वस्तीतल्या प्रेस्कॉट हायस्कूलमध्ये, मुलींना धावणं शिकवण्याची. तिला फुटबॉल शिकवायचा आहे, आणि ती संधी तिला मिळते ती थेट सेंट्रलमध्ये, जिथं जायला दुसरं कुणी फारसं उत्सुक नसावं. पोरं तिची टर उडवतात, तिला घालवून द्यायला बघतात. तेव्हा ती त्यांना धावायचं आव्हान देते. तुमच्यातला एक जरी माझ्यापेक्षा जास्त वेळ टिकला, तर मी निघून जाते. मग सगळे मैदानाला फेऱ्या मारू लागतात. दांडगी, रुंद खांद्यांची पोरं एकेक करून गळतात आणि ती सडपातळ बाई पळतच राहते.

इथं पटकथालेखकानं फार नेमकी जागा पकडली आहे. ताकद दाखवण्याच्या नादाला ती लागत नाही. तिचं स्वतःचं शास्त्र दमसासाचं आहे, आणि ती पोरांना तिथंच ओढते. शिवाय फुटबॉलमधल्या बलदंड पोरांचं शरीर काही सेकंदांच्या स्फोटासाठी घडवलेलं असतं, लांब पळण्यासाठी नाही. म्हणजे ही पैज जिंकायला मर्दानी असावं लागत नाही, शरीरं कशी चालतात हे माहीत असावं लागतं. कोचचं निम्मं काम हेच, आणि ते तिनं पहिल्याच परीक्षेत करून दाखवलं.

उरलेलं निम्मं काम समजायला अमेरिकन फुटबॉलची रचना थोडी पाहावी लागते. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याच्याशी या खेळाचं नातं नावापुरतंच. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू, गोलरेषांमधलं अंतर 100 यार्ड. ज्या संघाकडे चेंडू आहे त्याला चार प्रयत्न मिळतात, आणि चारांत मिळून किमान 10 यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. प्रत्येक प्रयत्न म्हणजे पाच-सहा सेकंदांची धडकाधडकी. मग शिट्टी, सगळं थांबतं, पोरं गोल करून उभी राहतात, आणि पुढचा प्रयत्न.

एका अमेरिकन वृत्तपत्रानं 2010 मध्ये व्यावसायिक सामन्यांची मोजदाद केली. तीन तासांच्या प्रक्षेपणात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो सरासरी जेमतेम 11 मिनिटं. बाकीचा वेळ माणसं उभी असतात, चालत असतात, बोलत असतात. पहिल्यांदा हे वाचलं की खेळ फारच रिकामा वाटतो. मग लक्षात येतं की खेळाचा मोठा भाग या मधल्या वेळातच होतो, आणि तो कोचच्या डोक्यात होतो.

एकच प्रयत्न जवळून बघू. तिसरा प्रयत्न आहे, अजून सात यार्ड हवेत. बाजूच्या रेषेवर उभ्या असलेल्या कोचला पंचवीसेक सेकंदांत ठरवायचंय. सात यार्ड पळून मिळणं अवघड, म्हणजे चेंडू हवेतून फेकावा लागणार. हे समोरच्या संघालाही कळतंय, त्यामुळे त्यांचे बचावपटू मागे सरकून उभे राहतील. ते मागे सरकले तर मधली जागा मोकळी. मग फेकण्याचं सोंग करून मधून पळवायचा का चेंडू? पण डावीकडचा पोरगा मघापासून लंगडतोय, त्याच्या बाजूनं नको. निर्णय झाला की एखाद्या राखीव खेळाडूच्या कानात तो सांगून त्याला आत पळवायचं, किंवा हातांच्या खुणा करायच्या. आत गेलेला निरोप क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावर खेळी चालवणारा खेळाडू, गोलात उभ्या पोरांना सांगतो आणि अकराच्या अकरा जणांना आपापली पावलं ठाऊक असतात. कोण कुठल्या बाजूला वळणार, कोण कुणाला अडवणार, कोण खोटं पळणार. आठवडाभर घोटून घेतलेल्या खेळ्यांच्या वहीतली ती एक खेळी असते.

ज्या माणसाचा चेंडूला हातही लागत नाही, तो प्रत्येक खेळी खेळत असतो. कोणत्याही सांघिक खेळात कोच महत्त्वाचा असतो, पण इतक्या थेटपणे प्रत्येक पाच सेकंदांवर ज्याची सही असते असा खेळ दुसरा सहज सापडणार नाही. आता या कामाला काय लागतं ते मोजून पाहा. स्मरणशक्ती, नजर, माणसांची पारख, आणि हरत असताना डोकं ताळ्यावर ठेवण्याची सवय. बापाच्या शेजारी बसून खेळ पाहत वाढलेल्या मुलीकडे हे असणं अगदी स्वाभाविक आहे. मुलगी म्हणून तिला खेळायला कधी मिळालं नसेल. पाहायला मात्र कुणी अडवलं नाही. उलट जो खेळत नाही तोच सगळं मैदान पाहतो.

दिग्दर्शक मायकेल रिची हा या विषयातला जुना जाणकार. त्याच्या चित्रपटांची यादी पाहिली की एकाच वेडानं झपाटलेला माणूस दिसतो. 'डाउनहिल रेसर' स्कीइंगवर, 'द कँडिडेट' निवडणुकीवर, 'स्माइल' सौंदर्यस्पर्धेवर. जिंकण्याच्या हट्टापायी माणसांचं काय होतं हे तो पुन्हा पुन्हा तपासत होता. 1976 मध्ये त्यानं 'द बॅड न्यूज बेअर्स' काढला. त्यात पोरांच्या ढ बेसबॉल संघाला एक मुलगी येऊन वाचवते, ती चेंडू फेकण्यात पटाईत असते. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1974 मध्ये, न्यू जर्सीतल्या एका खटल्यानंतर अमेरिकेच्या लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेनं मुलींना खेळू देण्याचं मान्य केलं होतं. म्हणजे रिचीनं आधी मुलीला मुलांच्या संघात आणलं, आणि दहा वर्षांनी बाईला मुलांच्या संघाच्या डोक्यावर बसवलं.

या दुसऱ्या वेळी वास्तव त्याच्याही पुढे पळून गेलं होतं. चित्रपट लागायच्या आदल्या वर्षी, 1985 मध्ये, वॉशिंग्टनच्या बालू हायस्कूलमध्ये वांडा ओट्स नावाच्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका मुलांच्या फुटबॉल संघाच्या मुख्य कोच म्हणून नेमल्या गेल्या. शहरातल्या इतर शाळांच्या कोचनी विरोध केला. दुसऱ्याच दिवशी त्यांची नेमणूक मागे घेण्यात आली. एक दिवस! सेंट्रल हायस्कूलच्या काल्पनिक पोरांनी मॉलीला जेवढा वेळ दिला, तेवढासुद्धा खऱ्या शहरातल्या मोठ्या माणसांनी ओट्सबाईंना दिला नाही. ओट्सबाईंनी मैदान सोडलं नाही, हेही सांगायला हवं. पुढे त्याच शाळेत त्या मुलांच्या बास्केटबॉल संघाच्या कोच झाल्या.

यामागचं एक कोडं आकड्यांत दिसतं, आणि ते मला आजही थक्क करतं. 1972 मध्ये अमेरिकेत 'टायटल नाइन' हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, असं तो सांगतो. त्याच्या जोरावर मुलींचे संघ भराभर वाढले. कायदा झाला तेव्हा महाविद्यालयीन मुलींच्या संघांपैकी 90 टक्क्यांहून अधिक संघांच्या कोच स्त्रिया होत्या. 2014 पर्यंत हे प्रमाण सुमारे 43 टक्क्यांवर आलं. मुलींचा खेळ मोठा झाला आणि कोच बायका कमी झाल्या! कारण सरळ आहे. खेळाला पैसा आला, पगार वाढले, मान वाढला, आणि मग त्या खुर्च्यांकडे पुरुषांचं लक्ष गेलं. पुरुषांच्या संघांच्या कोचांमध्ये बायकांचं प्रमाण मात्र तीन टक्क्यांच्या आसपासच रेंगाळलं. दार एकाच बाजूनं उघडत होतं.

आपल्याला हे समजायला फार लांब जावं लागत नाही. 'चक दे! इंडिया'त शाहरुख खानचा कबीर खान मुलींचा हॉकी संघ घडवतो. त्याच्यावर संशय घेतला जातो तो देशनिष्ठेबद्दल. पुरुष असून मुलींना हा कसा काय शिकवणार, असा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही. आपल्याही किती शाळांत मुलींच्या खो-खोला पी.टी.चे सर शिट्टी फुंकत असतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट जोडी जुळवून पाहा, की लगेच विनोदी चित्रपटाचा विषय होतो.

'वाइल्डकॅट्स'ची सगळ्यात बोचरी बाजू मैदानावर नाहीच. मॉली घटस्फोटित आहे, दोन मुलींची आई आहे, आणि तिचा आधीचा नवरा मुलींचा ताबा मागतो. असल्या शाळेत, असल्या पोरांत दिवस घालवणारी आई मुलींना काय वाढवणार, असा त्याचा रोख. मुलांच्या संघाचे पुरुष कोच घरी जातात तेव्हा ते बाप म्हणून लायक आहेत का, याचा हिशोब कुणी मागत नाही. मॉलीला दर आठवड्याला दोन सामने खेळावे लागतात, एक मैदानात आणि एक घरी. या भागात विनोद पातळ होतो, अशी समीक्षकांची तक्रार असेलही. मला मात्र चित्रपट तिथंच सर्वांत खरा वाटतो.

आणि शिकागो! चित्रपट लागला त्याआधी तीन आठवड्यांच्या आत, 26 जानेवारी 1986 ला, शिकागो बेअर्स या शहराच्या व्यावसायिक फुटबॉल संघानं सुपर बोल हा अजिंक्यपदाचा सामना जिंकला होता. त्या बेअर्सच्या खेळाडूंनी मोसम चालू असतानाच स्वतः एक रॅप गाणं रेकॉर्ड केलं होतं आणि ते देशभर वाजत होतं. 'वाइल्डकॅट्स'च्या शेवटी नामावली सरकत असताना त्यातली पोरंही रॅप करतात. त्या वर्षी त्या शहरात फुटबॉल आणि रॅप एकाच दमात चालू होते. त्यामुळे हा शेवट आज एखाद्या जपून ठेवलेल्या दस्तऐवजासारखा पाहावासा वाटतो.

कथेचा शेवट ठरलेलाच आहे. शहराच्या अजिंक्यपदासाठी सेंट्रलची गाठ पडते ती मॉलीच्या जुन्या प्रेस्कॉटशी. विनोदी क्रीडापटात बाई कोच असेल तर तिला जिंकावंच लागतं, नाहीतर प्रेक्षक म्हणतील, बघा, आम्ही सांगितलंच होतं.

खऱ्या आयुष्यात ओट्सबाईंची गोष्ट पुढे सरकायला 25 वर्षं लागली, आणि तेही त्याच वॉशिंग्टनमध्ये. 2010 च्या मार्चमध्ये कूलिज हायस्कूलनं नॅटली रँडॉल्फ यांना मुलांच्या फुटबॉल संघाच्या मुख्य कोच म्हणून नेमलं. त्या विज्ञानाच्या शिक्षिका, आणि स्वतः 'डीसी दिवाज' या बायकांच्या फुटबॉल संघातून खेळलेल्या. म्हणजे मॉलीला जे कधी मिळालं नाही ते त्यांना मिळालं होतं, खेळायला मैदान. यावेळी दुसऱ्या दिवशी कुणी त्यांना काढलं नाही. उलट पत्रकार परिषदेला शहराचे महापौर हजर होते. रँडॉल्फबाईंनी खेळाइतकाच अभ्यासाचाही आग्रह धरला. संघातल्या मुलांना अभ्यासाचा तास बंधनकारक केला.

चार मोसम त्यांनी संघ सांभाळला. काही सामने जिंकले, बरेच हरले, शहराचं अजिंक्यपद मिळालं नाही. 2013 च्या अखेरीस त्यांनी स्वतःहून राजीनामा दिला. गोल्डी हॉनच्या मॉलीला चित्रपटात अशी सूट मिळण्याची शक्यताच नव्हती. रँडॉल्फबाई मात्र इतर शेकडो शाळांच्या कोचसारख्या हरल्या, पुढच्या मोसमात पुन्हा मैदानावर आल्या, आणि नोकरी सोडायची वेळ त्यांनी स्वतः ठरवली.