शेरीफची कचेरी

अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या आग्नेय भागात हार्नी नावाची काउंटी, म्हणजे जिल्हा, आहे; तिचा विस्तार गोव्याच्या सुमारे सातपट, आणि २०२० च्या शिरगणतीत तिची लोकसंख्या मात्र साडेसात हजारांच्या आत भरली. अशा ओसाड, विरळ वस्तीच्या मुलखात अपरात्री एखाद्या गुराख्याच्या वाड्यात चोर शिरला, डोंगरात शिकारी वाट चुकला किंवा हमरस्त्यावर मोटार उलटली, तर ज्याच्या कचेरीत पहिली वर्दी जाते तो अंमलदार म्हणजे काउंटीचा शेरीफ.

हे पद मूळचे इंग्लंडातले. राजाच्या वतीने परगण्याचा वसूल गोळा करणारा आणि हुकूम बजावणारा हा अधिकारी इतका प्रबळ होता, की १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेत त्याच्या अखत्यारीला आवर घालणारी कलमे घालावी लागली. पुढे इंग्लंडात हे पद शोभेचे उरले. मुंबईतही इंग्रजी अमदानीबरोबर ते आले आणि कालांतराने दिलीपकुमार, सुनील गावसकर यांच्यासारख्या नामवंतांना द्यावयाचा एक बहुमान झाले. अमेरिकेने मात्र त्यातली सत्ता कायम ठेवली आणि नेमणुकीचा राजाचा हक्क काढून तो मतदारांच्या हाती दिला. बहुतेक राज्यांत शेरीफ चार वर्षांच्या मुदतीसाठी निवडून येतो. त्यामुळे काउंटीचे आयुक्त त्याच्या खर्चाला कात्री लावू शकतात, परंतु शहराच्या पोलीसप्रमुखाप्रमाणे त्याला बडतर्फ करू शकत नाहीत. या कचेरीचे सारे बळ आणि सारे दौर्बल्य, माझ्या मते, या एकाच व्यवस्थेतून उगम पावते.

शेरीफच्या हाताखाली एक दुय्यम प्रमुख, त्याच्याखाली सार्जंट आणि मग गस्त घालणारे डेप्युटी, अशी ही उतरंड असते. आपल्याकडे तपास पोलिसांचा, तुरुंग स्वतंत्र खात्याचा आणि जप्तीचे हुकूम बजावणे न्यायालयाच्या बेलिफाचे, अशी जी वाटणी आहे ती तेथे बहुधा नाही. ही तिन्ही कामे एकाच छपराखाली चालतात. गस्तीची मोटार लोकांना दिसते, परंतु कचेरीच्या माणुसकीची खरी कसोटी लागते ती दिवाणी शाखेत, जिथे घर रिकामे करण्याचा हुकूम घेऊन शेजारच्याच गावातल्या कुटुंबाच्या दारी जावे लागते, कर्जात बुडालेल्या मालमत्तेचा लिलाव पुकारावा लागतो, आणि ज्याच्यावर हुकूम बजावला तोच गृहस्थ पुढच्या निवडणुकीत मतदार म्हणून समोर येणार असतो.

दूरध्वनीवर वर्दी घेणारा माणूस हाही या यंत्रणेचा कणाच. १९६८ च्या फेब्रुवारीत अलाबामातील हेलीव्हिल या छोट्या गावातून ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाचा पहिला दूरध्वनी झाला. आज कित्येक ग्रामीण काउंट्यांत हा क्रमांक फिरविला, की उत्तर शेरीफच्याच कचेरीतून मिळते. गस्तीवरचा डेप्युटी कोसोगणती दूर असताना, तो येईपर्यंत संकटातल्या माणसाला धीर देण्याचे काम या आवाजाचे.

यापलीकडची कामे मुलखाप्रमाणे बदलतात. ओरेगनात हरवलेल्यांचा शोध घेण्याची कायदेशीर जबाबदारी शेरीफवर असते आणि ती प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या बळावर पार पडते. कोलोराडोत रानातला वणवा हाही त्याच्याच चिंतेचा विषय. टेक्सासच्या राज्यघटनेने तर दहा हजारांहून कमी वस्तीच्या काउंटीत, मतदारांनी वेगळी सोय केली नसल्यास, करआकारणी व वसुलीही शेरीफकडेच सोपविली आहे. त्याच राज्यात, २०२० साली अवघी ६४ माणसे मोजली गेलेल्या लव्हिंग काउंटीत, १९४५ मध्ये एडना क्लेटन यांनी हे पद सांभाळले. टेक्सासातील पहिल्या निर्वाचित स्त्री-शेरीफ म्हणून त्यांची नोंद आहे, आणि त्या पिस्तूल बाळगीत नसत असे सांगतात.

मात्र इतके धागे एका हाती एकवटले, की देखरेखीवाचून अनर्थ ओढवतो, हेही मोकळेपणाने लिहिले पाहिजे. अलाबामात कैद्यांच्या अन्नासाठी राज्याकडून दरडोई दररोज पावणेदोन डॉलर मिळत, आणि त्यातून उरलेली रक्कम शेरीफने स्वतःकडे ठेवण्याचा जुना शिरस्ता होता. निकृष्ट अन्नावर कैदी ठेवल्याबद्दल २००९ मध्ये संघराज्याच्या न्यायाधीशांनी एका शेरीफलाच रात्रभर कोठडीत बसविले. तरीही तो शिरस्ता मोडावयास आणखी दहा वर्षे लागली, आणि २०१९ च्या कायद्याने हा पैसा निराळ्या खात्यात जमा होऊन अन्नासाठीच राखून ठेवला जाऊ लागला.