कुत्र्याचा ‘बॉस’ कोण? धाकाने शिकवण्याच्या पद्धतीवर जगभर वाद का पेटलाय?

‘कुत्र्याला धाक नसला की ते डोक्यावर बसतं.’ गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावच्या शिवारात असो की पुण्या-मुंबईच्या सोसायटीत, कुत्रं पाळणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो. हल्ली मोबाईलवरच्या रील्सनी त्याला शास्त्रीय वाटेल असं नाव दिलंय : ‘अल्फा बना’. कुत्रं हे लांडग्याचं वंशज आहे, लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो, म्हणून मालकाने म्होरक्या व्हायचं. कुत्र्याने ऐकलं नाही तर त्याला मानेला धरून जमिनीवर दाबायचं, डोळ्यांत डोळे घालून बघायचं, पट्ट्याला झटका द्यायचा.

गंमत म्हणजे ज्या संशोधनावर ही इमारत उभी राहिली, त्याचा पाया कधीच निखळलाय. मग ही पद्धत अजून का टिकून आहे? आणि आखाड्यावर राखणीला कुत्रं ठेवणाऱ्या शेतकऱ्याने यातून काय घ्यायचं?

‘अल्फा’ आला कुठून?

कुत्र्यांना सक्तीने शिकवण्याची पद्धत जुनी आहे. जर्मनीत पोलिसांची कुत्री तयार करणाऱ्या कोनराड मोस्ट यांनी १९१० मध्ये लिहिलेलं प्रशिक्षणाचं पुस्तक याच वळणाचं होतं. त्याला लांडग्यांचा आधार मिळाला तो नंतर. रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास करून १९४७ मध्ये निष्कर्ष मांडले. हे लांडगे पहिल्या क्रमांकासाठी एकमेकांशी झगडतात, असं त्यांना दिसलं.

अमेरिकन संशोधक डेव्हिड मेक यांच्या १९७० मधल्या ‘द वुल्फ’ या पुस्तकामुळे ‘अल्फा’ हा शब्द घराघरात पोचला. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू स्कीट मठातल्या साधूंच्या पुस्तकाने कुत्र्याला उताणं पाडून दाबण्याची ‘अल्फा रोल’ ही युक्ती लोकप्रिय केली. २००४ पासून टीव्हीवर आलेल्या सीझर मिलान यांच्या ‘डॉग व्हिस्परर’ने हा विचार भारतातल्या दिवाणखान्यांपर्यंत आणला.

मग चूक कुठे निघाली?

पिंजऱ्यातले लांडगे हा खरा कळप नव्हता. एकमेकांशी नातं नसलेली जनावरं एका कुंपणात कोंडली होती. त्यांना भांडण सोडून दूर जाण्याची वाटच नव्हती.

मेक यांनी १९८६ पासून कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचं अनेक उन्हाळे निरीक्षण केलं. तिथे चित्र वेगळं होतं. कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब : आई-वडील आणि त्यांची पिल्लं. म्होरकेपण कुस्ती जिंकून मिळत नव्हतं, ते आई-वडील असल्यामुळे आपसूक येत होतं. पिल्लं मोठी झाली की बाहेर पडून आपला संसार थाटत होती. १९९९ मध्ये मेक यांनी शोधनिबंध लिहून ‘अल्फा’ हा शब्द बहुतांश कळपांसाठी चुकीचा असल्याचं सांगितलं. आपल्याच गाजलेल्या पुस्तकाची छपाई थांबवावी म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले. ती २०२२ मध्ये थांबली.

कुत्र्यांमध्ये मान-पान नसतोच का?

असतो. इटलीत रोमजवळच्या मोकाट कुत्र्यांच्या २०१० मधल्या अभ्यासात त्यांच्यात स्पष्ट उतरंड आढळली. त्यामुळे ‘वर्चस्व ही थाप आहे’ असं म्हणणंही अर्धवट ठरतं. पण दोन कुत्र्यांमध्ये भाकरीवरून ठरणारा क्रम वेगळा आणि माणसाने कुत्र्याला शिकवणं वेगळं. कुत्रं खाटेवर चढतं कारण तिथे मऊ लागतं. दारातून आधी पळतं कारण बाहेर जायची घाई असते. यात घराची गादी बळकावण्याचा डाव नसतो.

भारतातल्या गल्लीतल्या कुत्र्यांबद्दल कोलकात्याच्या ‘आयसर’मधील अनिंदिता भद्रा यांच्या गटाने बरंच काम केलंय. अनोळखी माणसाने बोटाने दाखवलेल्या भांड्याकडे ही कुत्री जातात का, हे त्यांनी तपासलं. जवळ यायला तयार झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के कुत्री इशाऱ्याच्या दिशेने गेली. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्याच गटाच्या आणखी एका प्रयोगात, अनोळखी माणसावर विश्वास बसायला खाण्यापेक्षा प्रेमाने थोपटणं जास्त उपयोगी पडलं.

धाकाने नेमकं काय होतं?

अमेरिकेत मेगन हेरॉन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांची माहिती प्रसिद्ध केली. मारणं किंवा लाथ घालणं हा उपाय करणाऱ्यांपैकी ४३ टक्के मालकांवर कुत्रं उलट धावून आलं. ‘अल्फा रोल’मध्ये हे प्रमाण ३१ टक्के, तर डोळे वटारून बघण्यात ३० टक्के होतं. ही मुळातच त्रासदायक कुत्री होती आणि माहिती मालकांनीच दिली होती, हे लक्षात ठेवायला हवं.

पोर्तुगालमध्ये प्रशिक्षण केंद्रांतल्या ९२ कुत्र्यांवरचा अभ्यास २०२० मध्ये आला. शिक्षेवर भर असलेल्या केंद्रांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली. प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, जास्त वाढलेलं होतं. अमेरिकेतल्या पशुवर्तन पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ मध्येच वर्चस्ववादी पद्धतीपासून सावध केलं होतं. २०२१ मध्ये तिने सर्व कुत्र्यांसाठी फक्त बक्षिसावर आधारित पद्धती वापरण्याची शिफारस केली.

दुसरी बाजू काय म्हणते?

वाद मिटलेला नाही. काही प्रशिक्षकांच्या मते गाडीमागे किंवा शेळ्यांमागे धावणाऱ्या कुत्र्याला केवळ खाऊ देऊन थांबवता येत नाही, आणि त्याचा जीव वाचवायला वेळीच झटका द्यावा लागतो. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या १९ कुत्र्यांवरच्या प्रयोगात, पळत्या वस्तूचा पाठलाग थांबवण्यात विजेचा पट्टा खाऊपेक्षा प्रभावी ठरला. उलट ब्रिटनमधल्या ६३ कुत्र्यांच्या अभ्यासात, हाकेला परत येणं शिकवताना बक्षिसाची पद्धत विजेच्या पट्ट्यापेक्षा कुठेच कमी पडली नाही. वेल्समध्ये अशा पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे.

राणीसावरगावात याचा काय संबंध?

मराठवाड्यात कुत्रं ही हौसेपेक्षा गरज आहे. रानडुकरं आणि रोही पिकात शिरतात, रात्री आखाड्यावर जनावरं बांधलेली असतात. त्यासाठी गावठी कुत्रं असतं, कुठे शिकारी बांध्याचं कारवानी. ते भुंकायला हवं, पण घरच्या लेकराला चावायला नको. खरा प्रश्न इथेच आहे.

कुत्रं गुरगुरतं तेव्हा ते ‘लांब राहा’ म्हणत असतं. गुरगुरल्यावर काठी बसली की ते गुरगुरणं सोडतं. भीती मात्र जात नाही. मग एक दिवस कसलीही सूचना न देता दात लागतो, आणि बहुतेकदा तो लहान मुलाला लागतो, कारण तेच कुत्र्याच्या तोंडाशी सगळ्यात जवळ असतं. ‘काही कारण नसताना चावलं’ म्हणतात, त्यातल्या बऱ्याच प्रकरणांत कारण आधीच गप्प केलेलं असतं.

कायदाही याबाबत बोलतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार जनावराला विनाकारण वेदना होईल असं मारणं गुन्हा आहे. कुत्रं कायम साखळीला बांधून त्याला फिरू न देणंही त्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपयेच.

काय करता येईल?

• हवं ते वागणं घडलं की लगेच भाकरीचा तुकडा द्या किंवा थोपटा. उशिरा दिलेलं बक्षीस कशासाठी, हे कुत्र्याला कळत नाही.

• नियम घरातल्या सगळ्यांचे सारखे हवेत. एकाने ताटातलं द्यायचं आणि दुसऱ्याने त्यासाठी हाणायचं, असं नको.

• शांत कुत्रं अचानक अंगावर येऊ लागलं तर आधी पशुवैद्याला दाखवा. कान, दात किंवा सांध्याचं दुखणं असू शकतं.

• खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीपाशी लहान मुलांना जाऊ देऊ नका.

• रोज साखळी सोडून फिरवा आणि रेबीजची लस दरवर्षी द्या.

• चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि लसीचे सगळे डोस पूर्ण करा.

शिस्त नको असं यातला कुणीच संशोधक म्हणत नाही. पण काठीने शिकलेलं कुत्रं काठी दिसेपर्यंतच ऐकतं, आणि आखाड्यावर रात्री काठी धरून उभं राहायला कुणी नसतं.