मुक्त संगणक प्रणालीतील आज्ञावलींची बांधणी

सांगली येथे १९४७ साली स्थापन झालेल्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात ‘वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप’ हा विद्यार्थ्यांचा गट आहे. लिनक्स ही मुक्त स्रोत संगणक प्रणाली होय. अशा गटात लिनक्सचा परिचय झालेल्या एखाद्या विद्यार्थ्याने गणिताच्या चाचण्या घेणारी आज्ञावली तयार केली व ती सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेस दिली, असे समजू या. स्वतःच्या संगणकावर तो आज्ञा टंकित करून ती चालवितो. शाळेतील गुरुजींना तो सराव नसतो. पडद्यावरील चिन्हावर क्लिक केले की काम सुरू व्हावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते व ती रास्तच आहे.

याकरिता प्रथम आज्ञावलीचे पॅकेज बांधावे लागते. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पाची पद्धत या कामी बरीच रूढ आहे. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. पॅकेजमध्ये आज्ञावलीच्या सर्व फाईली असतात, तसेच तिला अन्य कोणत्या आज्ञावलींची गरज आहे याची यादीही असते. यादीतील वस्तू संगणकावर नसतील, तर त्या आधी बसविल्या जातात.

दुसरा घटक म्हणजे आज्ञावलीस चालना देणारी स्क्रिप्ट, अर्थात लाँचर. ही बहुधा दहा-वीस ओळींची साधी मजकूर-फाईल असते. आज्ञावली कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे ती शोधते, आवश्यक ते मार्ग निश्चित करते आणि अखेरीस ‘एक्झेक’ या आज्ञेने आपली जागा मूळ आज्ञावलीस देऊन स्वतः बाजूला होते. ‘लिबरऑफिस’ हा सुपरिचित कार्यालयीन संच लिनक्सवर अशाच एका स्क्रिप्टद्वारे सुरू होतो.

या थोड्या ओळींतच मराठी वापरणाऱ्याची खरी कसोटी लागते. गुरुजींनी ‘सातवी गणित चाचणी’ या नावाने फाईल जतन केली, तर त्या नावात दोन मोकळ्या जागा येतात. स्क्रिप्टने फाईलचे नाव पुढे पाठविताना ते दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवले नाही, तर एका नावाची तीन नावे होतात आणि त्यांतील एकही फाईल सापडत नाही. काही स्क्रिप्टांत भाषेची निवड इंग्रजीवर सक्तीने ठेवलेली असते. तेव्हा संगणक मराठीत असूनही आज्ञावली इंग्रजीतच उघडते. दोष असतो दोन चिन्हांचा किंवा एका ओळीचा. परंतु संगणकावर मराठी चालत नाही, असा ग्रह होऊन फाईलींना रोमन लिपीत, अक्षरे जोडून नावे देण्याची सवय लागते. एकदा लागलेली ही सवय सहसा सुटत नाही.

तिसरा घटक म्हणजे मेनूतील नोंद. ‘डॉट डेस्कटॉप’ या प्रकारच्या लहान फाईलमध्ये आज्ञावलीचे नाव, चिन्ह व कोणती स्क्रिप्ट चालवावयाची हे लिहिलेले असते. ‘नेम’ या शब्दापुढे चौकोनी कंसात मराठीचा ‘एमआर’ हा संकेत देऊन आणखी एक ओळ लिहिली की मराठी संगणकाच्या मेनूत ‘गणित चाचणी’ असे नाव दिसू लागते. यास अन्य कोणतेही तंत्र लागत नाही. तरीही ही ओळ अनेकदा राहून जाते, हे नवल आहे.

अलीकडे फ्लॅटपॅक व ॲपइमेज या पद्धतीही प्रचारात आल्या आहेत. त्यांत आवश्यक साहित्य बव्हंशी सोबतच येत असल्याने जुळणीची अडचण कमी होते. मात्र आकार वाढतो, आणि डोंगराळ भागातील मंद इंटरनेटवर तो जाणवतो. पाटण किंवा जावळी तालुक्यातील शाळेसाठी लहान पॅकेज पेन ड्राइव्हवरून नेणेच सोयीचे ठरेल. मात्र त्यास लागणाऱ्या अन्य आज्ञावलींची पॅकेजेसही त्याच पेन ड्राइव्हवर घ्यावयास हवीत.

लिनक्सची प्राथमिक ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने तयार केलेले पाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत.